जुन्या गाडीच्या सस्पेन्शन स्प्रिंगा: कोणत्या घ्यायच्या, कशा ओळखायच्या, कशा बसवायच्या

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा रोजचाच स्पीडब्रेकर, रोजचाच वेग, आणि तरी गाडीचं पोट घासतं. मागे दोघं बसले की चाक आणि कमान यांच्यात जेमतेम चार बोटं जागा उरते. दहा-बारा वर्षं रोज पळालेल्या गाडीचं हे दुखणं घेऊन गॅरेजमध्ये गेलं की सल्ला ठरलेला असतो: शॉकअप बदला, स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर अडकवा, नाहीतर जाड तारेची स्प्रिंग घाला. साध्या शॉकअपने उंची परत येत नाही. रबराने स्प्रिंगचं आयुष्य घटतं. आणि अंदाजपंचे जाड तार घातली की गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळायला लागते.

स्प्रिंग जुनी झाली की मऊ पडते, असं सर्रास म्हटलं जातं. पोलाद असं मऊ पडत नाही. नवी असताना दर किलोला जेवढी दबायची, तेवढीच ती आजही दबते. बदलते ती तिची मोकळी लांबी. वर्षानुवर्षांच्या भाराने स्प्रिंग थोडी आखडते, पूर्वीइतकी उभी राहत नाही, आणि गाडी 'बसते'. बसलेली गाडी खड्ड्यात कडक लागते त्याचं कारणही हेच. चाकाला वर यायला जागा कमी उरते आणि बॉडी लगेच बंप स्टॉपच्या रबरावर आपटते. म्हणजे गाडीला हवी असते हरवलेली उंची, जास्तीचा कडकपणा नव्हे. अपवाद एकच: गंजून तार खरोखर बारीक झाली असेल तर ताकदही कमी होते. पण अशी स्प्रिंग कधीही तुटू शकते, ती सरळ बदलायची, विचार करत बसायचंच नाही.

आधी मोजा

जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका. त्यात टायरची हवा आणि झीज मिसळते. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर, कमानीच्या कडेपर्यंत मोजा. डिकी रिकामी, टाकी अर्धी, हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, स्टिअरिंग सरळ. मोजण्याआधी गाडी चार-सहा फूट मागेपुढे करा आणि चारही कोपरे दाबून सोडा, म्हणजे सांध्यांतले रबरी बुश मोकळे होऊन गाडी तिच्या खऱ्या उंचीवर येते.

ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांत इथे एक फसगत होते. पोडियम पार्किंगची फरशी सपाट दिसते, पण पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. शंभराला एक एवढा उतार म्हणजे दीड मीटरच्या रुंदीत १५ मिमी. त्याने वजन एका बाजूला सरकतं आणि मापही थोडं हलतं. म्हणून एकदा मोजून झालं की गाडी वळवून त्याच जागी उलट तोंडाने उभी करा, पुन्हा मोजा आणि प्रत्येक कोपऱ्याची सरासरी घ्या.

डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर त्या एक्सलकडे (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीकडे) नीट बघायचं. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर फरक दिसणार नाही. तेव्हा मॅन्युअलमधल्या उंचीशी, नाहीतर त्याच मॉडेलच्या कमी चाललेल्या गाडीशी ताडून पाहा. गाडी एका कुशीवर झुकलेली असेल आणि दोष पुढचा की मागचा हे उमगत नसेल, तर पुढच्या क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यावर, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी, जॅक लावून पुढची चाकं हलकी करा. आता पुढचा भाग एका बिंदूवर तोललेला आहे. तरीही मागचा भाग झुकलेलाच राहिला तर दोष मागच्या स्प्रिंगांत. सरळ झाला तर पुढे शोधा.

माप घेऊन झालं की गाडी स्टँडवर ठेवा, चाक काढा आणि टॉर्च घेऊन खालच्या वाटीत बघा. पुढच्या स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबावर) स्प्रिंगचा शेवटचा वेढा एका पत्र्याच्या वाटीत टेकलेला असतो. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात ही वाटी चिखलाने भरते, तिचं पाणी जायचं भोक बुजतं आणि वेढ्याचं टोक ओल्या मातीत रुतून राहतं. खडी उडून रंगाचा टवका गेलेला असतो, त्या जागी गंजाची बारीक खळी पडते आणि त्या खळीतूनच तडा सुरू होतो. स्प्रिंग बहुतेक वेळा मधे तुटत नाही, इथेच तुटते: शेवटचा अर्धा-पाऊण वेढा. तुकडा वाटीतच पडून राहतो आणि वरून सगळं शाबूत दिसतं. हातमोजा घालून टोकापर्यंत बोट फिरवा. टोक कारखान्यातून सरळ कापलेलं, रंगलेलं असतं. तुटलेलं टोक तिरकं आणि खडबडीत लागतं. अशी गाडी चालवू नका. ते टोक वाटीबाहेर सरकलं तर टायर चिरतं.

स्प्रिंग चांगली दिसली आणि तरी एक कोपरा खाली असेल तर वरचं माउंटिंग (स्ट्रट बॉडीला जिथे जोडलेला असतो ते) दबलेलं, स्प्रिंगखालचं रबर गळून पडलेलं किंवा लोअर आर्मचा (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) बुश फाटलेला असू शकतो. स्टिअरिंग वळवताना पुढून 'टंग्' असा आवाज आला तर माउंटिंगच्या बेअरिंगवर संशय घ्या. ते अडकलं की स्प्रिंग पिळते आणि सुटताना वाजते.

नंतर ओळखा

काउंटरवर जाऊन नुसतं 'स्विफ्टची पुढची स्प्रिंग द्या' म्हणाल तर तो जी हाताला लागेल ती देईल. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात, कारण डिझेल इंजिन जड. ऑटोमॅटिक गिअर, एसी आणि कंपनी-फिटेड सीएनजी यांमुळेही नंबर बदलू शकतो. काही गाड्यांत डावी-उजवीसुद्धा वेगळी असते. म्हणून १७ अक्षरी चॅसिस नंबर घेऊन जा. तो आरसी बुकावर आहे. अधिकृत पार्ट काउंटरवर त्यावरून नेमका पार्ट नंबर निघतो. तो एकदा हातात आला की माल कुठूनही घ्या, मग तो वागळे इस्टेटच्या आसपास असो, तुर्भ्यात असो की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर.

जुन्या स्प्रिंगवर रंगाचे एक-दोन पट्टे किंवा ठिपके असतात. ते शोभेसाठी नसतात, कारखान्याची ती खूण असते. धुऊन फोटो काढून ठेवा. पण प्रत्येक कंपनीची रंगांची भाषा वेगळी, त्यामुळे एका कंपनीचा रंग दुसरीच्या स्प्रिंगवर शोधू नका.

पार्ट नंबर मिळत नसेल, किंवा कंपनीने तो बंदच केला असेल, तर माप घ्यावं लागतं. गंज आणि रंग खरवडून व्हर्नियरने तारेची जाडी घ्या, तीन ठिकाणी. बाहेरचा व्यास, एकूण वेढे, वळण उजवं की डावं आणि दोन्ही टोकांची घडण पाहा: शेवटचा वेढा आत आखडत आणलेला आहे, सपाट घासलेला आहे की तसाच सोडलेला. सगळे वेढे सारख्या अंतरावर आहेत की एका बाजूला दाट, हेही लिहून ठेवा. पिंपासारखी मधे फुगलेली स्प्रिंग असेल तर व्यास तीन जागी घ्या.

एक माप मात्र जुन्या स्प्रिंगवरून कधीच उचलायचं नाही: मोकळी लांबी. स्प्रिंग बनवणाऱ्याला नमुना दिला की तो नमुन्याइतकीच लांब नवी करून देतो. पण नमुना आखडलेला आहे. समजा मूळ स्प्रिंग ३५० मिमी होती आणि बसून ३३० झाली. नवी ३३०ची करून घेतली तर पैसे गेले, मजुरी गेली आणि गाडी पहिल्या दिवसापासून २० मिमी खालीच. करून घ्यायचीच असेल तर हवी ती उभी उंची आणि त्या कोपऱ्यावरचं वजन सांगून करून घ्या.

तारेचं गणित, थोडक्यात पण नीट

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, वेढ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने कमी होतो, आणि काम करणारे वेढे (टोकाला टेकलेले सोडून उरलेले) जितके जास्त तितका उतरतो. चौथा घात हे प्रकरण हाताला जाणवत नाही, म्हणूनच लोक फसतात. १२ मिमीऐवजी १३ मिमी तार घेतली तर काउंटरवर दोन्ही सारख्याच दिसतात, पण कडकपणा जवळपास ३८ टक्के वाढतो.

पुढे काय होतं ते आकड्यांत पाहा. १२ मिमी तार, वेढ्याचा सरासरी व्यास १३० मिमी आणि काम करणारे पाच वेढे. अशी स्प्रिंग मिलिमीटरला साधारण १.९ किलो घेते. सोयीसाठी २ धरू. तिच्यावर ३०० किलो भार आला की ती १५० मिमी दबते. तेवढ्याच लांबीची १३ मिमी तारेची स्प्रिंग त्याच भाराखाली १०९ मिमीच दबेल. गाडी तब्बल ४१ मिमी उंच उभी राहील. दिसायला छान वाटतं, पण आता शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेला आहे. खड्ड्यात चाक खाली जायला जागाच उरली नाही, म्हणून चाक रस्ता सोडतं आणि शॉकअप वरच्या टोकाला 'टक्' करून अडतो. पुढच्या चाकांचे अ‍ॅक्सल सांधे कायम तिरके चालतात, त्यांची बुटं फाटतात. शिवाय जुन्या शॉकअपला वाढलेल्या स्प्रिंगची उसळी आवरत नाही. रोज ऐरोली-ठाणे करणाऱ्याला हे सगळं कशाला हवं?

रोजच्या गाडीसाठी म्हणूनच निवड सरळ आहे: मूळ कडकपणाची, मूळ उंचीची नवी स्प्रिंग, एका एक्सलवर जोडीने. एकच बदलली तर नवी आणि बसलेली यांच्यात गाडी कायम झुकलेली राहते आणि ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. पुढच्या दोन ठीक असतील तर मागच्या दोनच बदलायला हरकत नाही.

जड स्प्रिंगचं एक कारण मात्र खरं असतं, आणि आपल्या भागात ते वारंवार दिसतं: बाहेरून बसवलेली सीएनजी टाकी. पोलादी टाकी, ब्रॅकेट आणि गॅस मिळून ७० किलो धरा. ते वजन मागच्या दोन स्प्रिंगांवर येतं, म्हणजे प्रत्येकी ३५ किलो. मिलिमीटरला २ किलोच्या हिशेबाने गाडी मागून साडेसतरा मिमी बसणार, आणि त्यात स्प्रिंगचा काही दोष नाही. इथे आधी विचारा की त्याच मॉडेलची कंपनी-फिटेड सीएनजी आवृत्ती आहे का आणि तिच्या मागच्या स्प्रिंगचा नंबर वेगळा आहे का. असेल तर तीच घ्या. बनवणाऱ्यांनी ते वजन धरूनच ती काढलेली आहे. नसेल तर मूळपेक्षा १० ते १५ टक्के कडक स्प्रिंगपर्यंत जायचं, त्यापुढे नाही. पुढे गेलात तर शॉकअपही त्या ताकदीचे घ्यावे लागतील.

काय घ्यायचं नाही

वेढा कापलेली स्प्रिंग. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला की गाडी खाली येते आणि कडकपणा २० टक्के वाढतो. त्यात कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही.

गॅसच्या ज्योतीने तापवून ताणलेली स्प्रिंग. तिच्या पोलादाचं पाणी (टेम्पर) उतरलेलं असतं. दोन महिन्यांत ती पूर्वीपेक्षाही खाली बसते किंवा तुटते.

भंगारातल्या गाडीची स्प्रिंग. ती तुमच्याइतकीच बसलेली असते आणि तिच्या टोकाचा इतिहास कुणालाच माहीत नसतो.

वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर. यांचा खप फार, म्हणून थोडं सविस्तर. बफर दोन वेढ्यांना एकमेकांशी जखडतो. काम करणारा एक वेढा बाद होतो आणि त्याचा ताण उरलेल्यांवर जातो. रबराखाली पाणी आणि वाळू साठते, रंग घासला जातो, आणि पावसाळा उलटला की तिथे गंजाची पट्टी तयार झालेली असते. लांबच्या प्रवासाला चार दिवस जास्तीचं सामान न्यायचं म्हणून लावले आणि आल्यावर काढले, इतपत ठीक. कायमचा इलाज म्हणून नकोत.

आणि कायद्याचंही लक्षात ठेवा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करायचं तेव्हा गाडी तपासायला न्यावी लागते, आणि विचित्र उंच किंवा खाली केलेली गाडी तिथे डोळ्यांत भरते.

काउंटरवर आणि सोबत

दोन्ही स्प्रिंगा सपाट जागी शेजारी उभ्या करा. उंची, वेढे आणि रंगाचे पट्टे जुळले पाहिजेत. कोटिंगवर टवका असेल तर बदलून मागा. तिथूनच पुढे गंज लागणार आहे. पाकिटावर पार्ट नंबर, एमआरपी आणि पॅकिंगचा महिना आहे ना ते पाहा आणि पक्कं बिल घ्या.

पुढची स्प्रिंग बदलायची म्हणजे स्ट्रट उतरवून खोलावाच लागतो. तेव्हा वरचं माउंटिंग, त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप, धूळ-बूट आणि स्प्रिंगच्या वरखालची रबरं त्याच वेळी नवी घाला. नाहीतर सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा द्याल. शॉकअपवर तेलाचा ओघळ असेल, किंवा ७०-८० हजार किलोमीटर होऊन गेले असतील, तर तेही. वरचा मधला नट आणि नॅकलचे (चाकाचा हब धरणाऱ्या भागाचे) नट सेल्फ-लॉकिंग असतात, ते नवेच वापरा.

बसवणी

पुढची स्प्रिंग दबलेल्या अवस्थेत बसलेली असते. मिलिमीटरला २ किलोची स्प्रिंग १५० मिमी दाबली की तिच्यात ३०० किलोचा जोर साठलेला असतो. सुटली तर हात-जबडा मोडतो. त्यामुळे भिंतीवरचा किंवा हायड्रॉलिक स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं साधन) असलेल्या गॅरेजमध्येच हे काम द्या. दोन हुकांचा साधा कॉम्प्रेसर वापरायचाच झाला तर हुक समोरासमोर लावा, दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या आवळा, आणि तोंड कधीही स्प्रिंगच्या रेषेत आणू नका.

क्रम असा. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढच्या चाकांचे नट सैल करा, गाडी उचलून स्टँडवर ठेवा, चाकं काढा. ब्रेक होजची क्लिप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडा, लिंक रॉड काढा. नॅकलचे दोन बोल्ट काढण्याआधी खडूने किंवा पंचने खूण करा. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) तिथून बदलतो. नॅकल तारेने बांधून ठेवा, ब्रेक होजवर लोंबकळू देऊ नका. मग वरचे नट. मधला मोठा नट मात्र स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये दाबून माउंटिंग मोकळं झाल्याशिवाय सोडायचा नाही. तो सोडताना शॉकअपची चकचकीत दांडी पक्कडीने धरू नका. एक ओरखडा पडला की सील फाटतं आणि नवा शॉकअप महिन्यात गळतो.

नवी स्प्रिंग घालताना तिचं खालचं टोक वाटीतल्या पायरीला टेकलं पाहिजे. फार तर काही मिलिमीटर फट चालते. टोक पायरीवर चढलं तर गाडी तिरकी उभी राहते आणि वळताना आवाज येतो.

टॉर्शन बीमच्या (मागची दोन्ही चाकं एका आडव्या बीमने जोडलेल्या) गाड्यांत मागचं काम सोपं. बीमला जॅकचा आधार द्या, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि बीम हळूहळू खाली घ्या. बहुतेक गाड्यांत स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय निघते. नजर ब्रेक होजवर ठेवा, ती ताणली की थांबा.

आता ज्या एका गोष्टीकडे घाईत सर्रास दुर्लक्ष होतं ती. रबरी बुश असलेले बोल्ट, म्हणजे लोअर आर्म, ट्रेलिंग आर्म आणि मागच्या शॉकअपचे खालचे बोल्ट, गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नका. चाकं लोंबत असताना आवळले तर गाडी खाली उतरताच बुश पिळला जातो, उंची चुकीची येते आणि रबर काही महिन्यांत फाटतं. गाडी चाकांवर उभी करून, हलवून, मगच टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्याला आवळा.

बसवल्यानंतर

त्याच दिवशी चार कोपऱ्यांची मापं लिहून ठेवा. सुरुवातीला गाडी किंचित उंच दिसेल. २००-३०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा मोजा. थोडी खाली आलेली असते, ते योग्यच आहे. व्हील अलाइनमेंट तेव्हा करा, पहिल्याच दिवशी नाही, कारण उंची बदलली की टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली ते) आणि कॅम्बर दोन्ही बदलतात. मागची उंची वाढल्यावर हेडलाइटचा झोत खाली पडतो, तोही भिंतीवर जुळवून घ्या.

काही गाड्यांत मागच्या एक्सलजवळ एका दांडीने जोडलेला ब्रेकचा वॉल्व्ह असतो, मागच्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा. मागचा भाग उंचावला की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी लावतो. तुमच्या गाडीला तो असेल तर मेकॅनिकला आठवणीने सांगून मॅन्युअलप्रमाणे जुळवून घ्या.

खाडीची खारी हवा आणि ओला रस्ता यांत स्प्रिंगचं खालचं टोकच आधी जातं. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की गाडी रॅम्पवर चढवून चारही वाट्यांवर पाण्याचा झोत मारा आणि तारेचा तुकडा घालून निचऱ्याची भोकं मोकळी करा. पुढच्या आणि मागच्या दोन्ही वाट्या, दहा मिनिटांचं काम आहे. टवका दिसला तर तिथेच घासून रंग लावा.